क्लचचा मास्टर घेण्याआधी फोर्क किती सरकायला हवा ते मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच दिसेल. देवगडजवळ कातळावर तुमची हापूसची बाग आहे. बागेतून पेट्या खाली रस्त्यावर आणायला महिंद्राची जुनी डिझेल जीप आहे. तिचा चार गिअरचा बॉक्स थकला म्हणून फिटरकडून पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतलात. मूळ क्लच सळ्यांचा होता, नवा बॉक्स तेलावरच्या क्लचचा. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे बॉक्सजवळ क्लच ढकलणारा, बॉक्सबरोबरच आला, पण मास्टर, म्हणजे पेडलजवळ तेल दाबणारा सिलिंडर, फिटरने भंगारातल्या कुठल्याशा गाडीचा लावला. आता सकाळी गाडी थंड असताना गिअर पडतात. बागेत दोन फेऱ्या झाल्या की रिव्हर्स कर्रकन ओरडतो आणि पहिला गिअर जोर लावून घालावा लागतो. पेडल दोनतीनदा पंप केलं की थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. एक जण सांगतो मास्टर मोठा टाका, दुसरा म्हणतो स्लेव्ह छोटा करा, तिसरा म्हणतो दोन्ही काढून बेअरिंगवरच बसणारा आतला सिलिंडर लावा. तुम्हाला सीझन सुरू व्हायच्या आत एका मास्टरचं नाव हवं आहे.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे, सिलिंडर लागलेले असतात, आणि दुकानातला माणूस गाडीचं नाव ऐकून हातात येईल तो डबा देतो. तुम्हाला खरं हवं आहे ते दोन मापांचं उत्तर: क्लच पूर्ण कट व्हायला, म्हणजे इंजिन आणि बॉक्स सुटे व्हायला, फोर्कचं (स्लेव्ह जो दांडा ढकलतो त्याचं) टोक किती मिलिमीटर सरकायला हवं, आणि तुमचा पाय प्रत्यक्षात किती सरकवतोय. ही दोन मापं हातात आली की मास्टरचा बोअर हिशेबाने निघतो. ती नसतील तर तुम्ही घ्याल तो तिसरा सिलिंडरही अंदाजपंचेच असेल.

मी कुडाळला हायवेलगत गॅरेज चालवतो. बॉक्स बदललेल्या जीपा आमच्याकडे नेहमी येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार हीच असते. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मेस्त्री म्हणायचे, "आधी खाली बघ, मगे वर." म्हणजे तक्रार पेडलची असली तरी सुरुवात रिलीज बेअरिंगपासून, म्हणजे फोर्क जे ढकलतो त्या बेअरिंगपासून, करायची आणि मोजत मोजत पायापर्यंत यायचं. तुमच्या बाबतीतही तोच क्रम धरू.

पण त्याआधी क्लचच्या तेलाचा दोष आहे हेच नक्की करायला हवं. बॉक्स बदललेल्या गाडीत क्लच पूर्ण कट होऊनही गिअर ओरडू शकतो. बॉक्सच्या क्लच शाफ्टचं टोक इंजिनच्या क्रँकमधल्या पायलट बुशात (टोकाला आधार देणाऱ्या छोट्या नळीत) बसतं. बॉक्स एका गाडीचा आणि इंजिन दुसऱ्या गाडीचं असेल तर लेथवर बुश करून घ्यावा लागतो. तो घट्ट झाला किंवा कोरडा पडला तर क्लच प्लेट मोकळी झाली तरी क्रँक त्या टोकाला धरून शाफ्ट फिरवत राहते. अशा गाडीत कितीही मोठा मास्टर टाका, काही उपयोग नाही. तसंच प्लेट शाफ्टच्या खाचांवर सहज सरकते की अडकते, हेही बघावं लागतं. मीठाच्या हवेत महिनाभर उघडा पडलेला शाफ्ट गंजतो आणि प्लेट त्यावर अडते.

ओळखायचं कसं? इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबून ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा, मग रिव्हर्स घाला. जुन्या बॉक्सना बहुधा रिव्हर्सला सिंक्रो (दातऱ्यांचे वेग जुळवणारी कडी) नसतो. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स घातला तर आतले दातरे अजून फिरत असतात आणि ते ओरडणं स्वाभाविक आहे. दहा आकड्यांनंतर शांतपणे पडला तर तुमचा क्लच कट होतोय, फक्त घाई होतेय. दहानंतरही तेवढाच ओरडला तर शाफ्टला कुणीतरी फिरवतंय: एकतर प्लेट पूर्ण सुटत नाही, नाहीतर पायलट बुश धरतोय. तिसरी शक्यता अशी की दाबल्याबरोबर नीट पडतो, पण पाय दाबून धरला की काही सेकंदांनी ओरडायला लागतो. तो मास्टरच्या आतल्या कपावरून (रबरी सीलवरून) तेल मागे सरकत असल्याचा पुरावा आहे, बाहेर एक थेंब गळत नसला तरी.

पंप केल्यावर तुमच्याकडे थोडा फरक पडतो, म्हणजे लाइनमध्ये थोडी हवा किंवा मास्टरचा कप कमजोर, यातलं काहीतरी आहेच. पण पूर्ण फरक पडत नाही, म्हणून मला वाटतं की त्याखाली मापाची कमतरताही आहे. दोन्ही एकत्र असतील तर नुसती हवा काढून चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच होतं.

आता मोजणी. ही पद्धत मी मन लावून सांगतोय, कारण तिने आमच्याकडे सगळ्यात जास्त पैसे वाचवले आहेत. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना पुढेमागे दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचला आणि अॅक्सलखाली पक्के स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद ठेवा. ट्रान्सफर केस (टू व्हील-फोर व्हीलचा बॉक्स) टू व्हीलमध्ये ठेवून कुठलाही पुढचा गिअर घाला. आता प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने फिरणार नाही, कारण इंजिन त्याला धरून आहे. स्लेव्ह सिलिंडर ब्रॅकेटमधून सोडवून, पाइप न काढता, बाजूला बांधून ठेवा. स्लेव्ह बाहेर असताना पेडलला कुणाचाही पाय लागू देऊ नका, पिस्टन उडून बाहेर येतो. स्लेव्हच्या जागी ब्रॅकेटला एक पट्टी कसा आणि तिच्यातून बारीक आट्यांचा लांब बोल्ट असा घाला की त्याचं टोक फोर्कच्या खळग्यात बसेल.

पान्याने बोल्ट हळूहळू पुढे न्या. बेअरिंग डायफ्रामच्या बोटांना (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांना) टेकलं की हाताला एकदम जड लागतं. ती जागा शून्य धरा. पुढे प्रत्येक दोन फेऱ्यांनी दुसऱ्या माणसाला प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवायला सांगा. एका ठिकाणी तो अचानक मोकळा फिरेल. शून्यापासून तिथपर्यंत फोर्कचं टोक किती सरकलं ते वर्निअरने मोजा. तुमच्या क्लचला लागणारी चाल ती हीच, आणि ती फक्त तुमच्याच गाडीची आहे.

याच वेळी पायलट बुशाचाही निकाल लागतो. बोल्ट बराच पुढे गेला, स्लेव्ह जागेवर असताना पेडलने मिळायची त्यापेक्षा चांगली चारपाच मिलिमीटर जास्त चाल झाली, तरीही शाफ्ट मोकळा होत नसेल, तर जोर लावत राहू नका. बॉक्स खाली उतरवून आत बघण्याशिवाय इलाज नाही. दोष बुशात, प्लेटमध्ये किंवा बेअरिंगच्या उंचीत आहे. फ्लायव्हील एका गाडीचं, प्रेशर प्लेट दुसरीची आणि बेल हाऊसिंग (क्लचवरचं बॉक्सचं कवच) तिसरीचं असं झालं की बोटांपासून बेअरिंगपर्यंतचं अंतर बदलतं आणि फोर्क सुरुवातीलाच तिरका उभा राहतो. तिरका फोर्क निम्मी चाल आपला तिरकेपणा काढण्यातच घालवतो.

समजा बोल्टाने १२ मिलिमीटरला शाफ्ट मोकळा झाला. गाडी तापली, प्लेट थोडी वाकडी झाली, पेडलच्या पिना झिजल्या, तरी क्लच कट व्हावा म्हणून मी त्यात दोन मिलिमीटर वाढवतो. म्हणजे स्लेव्हने १४ मिलिमीटर द्यायला हवेत.

आता वरचं माप. पेडलची पूर्ण चाल पॅडजवळ मोजा. मग पेडल जिथे फिरतं त्या पिनेपासून पॅडपर्यंतचं अंतर आणि त्याच पिनेपासून पुशरॉडच्या (पेडल ज्याने मास्टर दाबतं त्या दांड्याच्या) पिनेपर्यंतचं अंतर मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागा. अशाच एका जीपचे माझ्या वहीतले आकडे देतो: पॅडची चाल १४० मिलिमीटर, पेडलचं प्रमाण साडेपाच. म्हणजे पुशरॉड साधारण २५ मिलिमीटर सरकतो. त्यातले दोन फ्री प्ले (मोकळीक) आणि मास्टरमधलं बारीक भोक बंद होण्यात जातात. उरले २३.

मधला हिशेब बोअरचा. सिलिंडरची ताकद आणि तेल व्यासाच्या वर्गावर जातं, व्यासावर नाही. इथे आपली सुताची भाषा फार उपयोगी पडते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि क्लचचे सिलिंडर बहुतेक इंचाच्याच पाढ्यात येतात, जपानी गाड्यांचेसुद्धा. अंगावर १५.८७ लिहिलं असेल तर तो पाच सुती, १७.४६ म्हणजे साडेपाच सुती, १९.०५ म्हणजे सहा सुती, २२.२२ म्हणजे सात सुती. मास्टरच्या सुतांचा वर्ग करा, स्लेव्हच्या सुतांचा वर्ग करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि मास्टरच्या चालीने गुणा. स्लेव्हची चाल मिळते. कॅल्क्युलेटरही लागत नाही.

त्या जीपला स्लेव्ह सात सुती होता आणि लावलेला मास्टर पाच सुती. पाचा पाचा पंचवीस, साता साता एकोणपन्नास. २३ गुणिले २५ भागिले ४९, म्हणजे ११.७ मिलिमीटर. लागत होते १२. बघा, फरक फक्त पावमिलिमीटरचा. सकाळी थंड असताना कसंबसं निभावत होतं, आणि थोडी हवा किंवा थोडी गरमी आली की पाव मिलिमीटरची कमतरता अर्ध्या मिलिमीटरवर जायची आणि रिव्हर्स ओरडायचा. तुमच्या वर्णनाशी हे इतकं जुळतं की तुमच्याकडेही मास्टर बोअरला लहान असावा असा माझा कयास आहे. पण कयासावर पैसे घालू नका. मास्टरच्या अंगावर माप कोरलेलं आहे का बघा, नाहीतर सर्क्लिप काढून पिस्टन बाहेर घ्या आणि वर्निअर आत लावा.

तिथे सहा सुती लावला असता तर? छत्तीस भागिले एकोणपन्नास, चाल १६.९. लागणाऱ्या चौदापेक्षा तीन जास्त. साडेपाच सुती लावला तर वर्ग सव्वातीस, चाल १४.२. बरोबर हवी तेवढी. आम्ही साडेपाच सुतीच लावला आणि ती गाडी आजही चालते आहे.

"मोठा टाका" हा सल्ला मला पसंत नाही, कारण मोठ्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली पायाला. पाच सुतीवरून साडेपाचवर गेलात की पेडल २१ टक्के जड होतं, सहावर गेलात की ४४ टक्के. बागेत कातळाच्या चढावर पेट्या भरलेली गाडी इंच इंच पुढे घेताना, पाऊलवाटेएवढ्या रस्त्यावर मागे घेताना, तो पाय दिवसभर क्लचवर असतो. मार्च ते मे रोज तेच काम. जड पेडल असलं की माणूस नकळत पाय अर्धवट ठेवतो आणि प्लेट जळते. दुसरी किंमत प्रेशर प्लेटला. डायफ्रामची बोटं लागतात त्यापेक्षा जास्त आत दाबत राहिलं तर ती थकतात, आणि काही प्लेट्समध्ये बेअरिंग किंवा बोटं क्लच प्लेटच्या मधल्या भागाला घासायला लागतात. शिवाय स्लेव्हची स्वतःचीही चाल मर्यादित असते. ती ओलांडली की पिस्टन कपासकट बाहेर येतो आणि तेल रस्त्यावर. तुम्हाला सहा सुतीच मिळाला आणि दुसरा मिळतच नसेल तर लावा, पण पेडलखाली ठोकळा म्हणजे स्टॉप लावून चाल तेवढ्यावर थांबवा.

स्लेव्ह छोटा करणं हा हिशेबाने तोच मार्ग आहे. पाच सुती मास्टर ठेवून स्लेव्ह सातवरून साडेसहा केला तर चाल १३.६ पर्यंत जाते आणि पेडल सोळा टक्के जड होतं. कागदावर छान दिसतं. पण स्लेव्ह हा बॉक्सच्या ब्रॅकेटशी, फोर्कच्या कोनाशी आणि पुशरॉडच्या लांबीशी बांधलेला असतो. तो बदलला की हे तिन्ही जुळवायला लागतं. म्हणून माझा नियम असा की स्लेव्ह बॉक्सचा ठेवायचा आणि मास्टर हिशेबाने निवडायचा. यात आणखी एक फायदा आहे: बॉक्स ज्या गाडीचा, तिचा स्लेव्ह आणि त्याचं रबरांचं किट कणकवली-कुडाळला कधीही मिळतं.

थोडीशीच कमतरता असेल तर पेडलला नवीन भोक मारून पुशरॉडची पिन फिरणाऱ्या पिनेपासून थोडी लांब नेता येते. चाल वाढते, जडपणाही तेवढाच वाढतो. मात्र पुशरॉड मास्टरमध्ये सरळ जायला हवा. तिरका जात असेल तर पिस्टन एका बाजूने बोअर खातो आणि सहा महिन्यांत नवा सिलिंडर गळायला लागतो.

बेअरिंगवर बसणारा आतला सिलिंडर तुमच्या कामाच्या गाडीला मी सुचवणार नाही. चाल सरळ मिळते, फोर्कची कटकट नाही, हे खरं. पण तो गळला की बॉक्स उतरवावा लागतो. आंब्याच्या दिवसांत बागेतली गाडी दोन दिवस उभी राहणं तुम्हाला परवडणार नाही. बाहेरचा स्लेव्ह दोन बोल्ट सोडून अर्ध्या तासात बदलतो.

मास्टर निवडताना बोअरशिवाय दोन गोष्टी हातात घेऊन तपासा. एक, तो ब्रेकचा मास्टर नाही ना? ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टरमध्ये तोंडाशी एक वाल्व असतो, जो पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. क्लचला तो लावला की बेअरिंग कायम बोटांवर रेटलेलं राहतं. दोन, तुमचा स्लेव्ह कुठल्या जातीचा आहे? आत स्प्रिंग असलेला स्लेव्ह बेअरिंगला कायम हलकं टेकवून ठेवतो, आणि त्यासाठी कायम फिरू शकणारं बेअरिंग लागतं. बाहेरून फोर्कला ओढणारी स्प्रिंग आणि आट्यांचा पुशरॉड असलेल्या जातीत बेअरिंगला मोकळीक ठेवायची असते. बॉक्सबरोबर जे बेअरिंग आलं, त्याला शोभेल तीच जात ठेवा.

आता पुशरॉडची मोकळीक. ही गोष्ट छोटी दिसते, पण ती चुकली की नवं सामान वाया जातं. मास्टरच्या आत एक केसासारखं भोक असतं. पाय काढला की पिस्टन मागे येऊन ते उघडतं आणि तापून फुगलेलं तेल टाकीत परत जातं. पुशरॉड लांब झाला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक बंदच राहतं. एक जीप गगनबावड्याहून आमच्याकडे आली होती. घाट चढताना क्लच घसरायचा, जळका वास यायचा, वर थांबून थंड झाली की ठीक. त्या मालकाने दुसऱ्या गॅरेजात दोन प्लेटा बदलल्या होत्या. आम्ही पेडल हाताने हलवून पाहिलं तर अजिबात मोकळीक नव्हती. तापलेलं तेल फुगून क्लच स्वतःच थोडा दाबला जात होता. पुशरॉडचा नट दोन फेऱ्या मागे घेतला, एवढंच काम होतं. तो माणूस घरातले पैसे घालून दोन प्लेटा जाळून बसला होता, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून नवा मास्टर बसवल्यावर पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवा आणि पेडल हाताने हलवून ती जाणवते ना ते बघा.

भंगारातल्या सिलिंडरबद्दल आपल्या किनाऱ्यावर विशेष सांभाळायला हवं. क्लचचं तेल म्हणजे डॉट थ्री किंवा डॉट फोर, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट फोर ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळायला हवं, पाणी ओढल्यावर ते १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. क्लचला ब्रेकएवढी गरमी नसते, त्यामुळे आपल्याकडे खरा त्रास उकळण्याचा नसून गंजाचा असतो. बिडाच्या सिलिंडरला आत तांबूस खड्डे पडतात, अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर बुडालेल्या गाड्यांचे कितीतरी सुटे भाग बाजारात फिरले. बाहेरून ब्रशने घासून काळा रंग मारलेला, आत मात्र टाकीच्या झाकणातून गेलेल्या गढूळ पाण्याचे डाग, असे मास्टर मी स्वतः उघडून पाहिले आहेत.

म्हणून नियम साधा ठेवा. पिस्टन बाहेर काढून बोअरमध्ये नख फिरवा. नख कुठेही अडलं तर त्यात किट घालू नका, पूर्ण नवा सिलिंडर घ्या. खड्डे घासून काढले तर बोअर वाढतो आणि कप सैल बसतो. बोअर आरशासारखा असेल तरच किट. धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीही वापरू नका. या कपांचं रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. नवं ब्रेक ऑइलच फडक्याला लावून पुसा. सिलिंडरच्या तोंडावरचा रबरी बूट फाटलेला असेल तर बदला, नाहीतर आपली लाल माती पहिल्याच पावसात आत जाते. तेल डॉट फोर, सीलबंद डब्यातलं. अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नका. सिलिकॉनचं डॉट फाइव्ह यात मिसळू नका. दरवर्षी तेल बदला. आमच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना मी दसऱ्याची सवय लावली आहे: पावसाळा संपलेला असतो, गाडी धुवून हार घालायची असतेच, त्याच दिवशी तेलही नवं.

पाइपाबद्दल थोडक्यात. दीड सुती पाइप पुरेसा आहे. साधा तांब्याचा पाइप वळवायला सोपा म्हणून लोक लावतात, पण तो थरथरीने कडक होऊन फुटतो. स्टीलचा किनाऱ्यावर गंजतो. तांबं-निकेलचा मिळाला तर उत्तम, नाहीतर रंग लावलेला स्टीलचा. इंजिन आणि बॉक्स हलतात म्हणून खाली रबरी होज हवाच, पण आखूड आणि नवा. जुना होज दाब आला की फुगतो आणि तुम्ही कमावलेली चाल खातो. सायलेन्सरपासून पाइप लांब ठेवा. आणि आटे तपासा. १० मिलिमीटरचा एक पिचचा नट आणि तीन सुती चोवीस आट्यांचा नट दिसायला सारखे, दोन फेऱ्या एकमेकांत जातातही. मग फिटर पाना लावून जोर करतो आणि नव्या मास्टरचं तोंड जातं. नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाइपाच्या टोकाचा आकारही दोन प्रकारचा असतो, एक फुग्यासारखा आणि एक आत दुमडलेला. एकाच्या जागी दुसरा कसला तर कितीही आवळा, पाझरतच राहतो.

एक जागा जवळपास सगळे विसरतात. मास्टर ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा. जुन्या जीपेला मुळात तिथे सिलिंडर नव्हताच, म्हणजे तो पत्रा त्या जोरासाठी केलेला नाही, आणि आतून गंजलेलाही असेल. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून मास्टरकडे बघा. पत्र्यासकट तो पुढे आला तर जितके मिलिमीटर आला तितके २३ मधून गेले. दोन मिलिमीटर जरी हलला तरी साडेपाच सुतीचा निम्मा फायदा संपला. मागून तीन मिलिमीटरची प्लेट लावून ती पेडलच्या ब्रॅकेटला जोडून घ्या. वेल्डिंग करताना मास्टर काढून ठेवा.

हवा काढताना स्लेव्हचं निपल सगळ्यात वरच्या बाजूला आहे ना, हे बघा. बॉक्स बदललेल्या गाडीत स्लेव्ह कधी उलटा बसतो, निपल खाली आणि पाइप वर होतो, मग कितीही पंप करा, वरच्या खोबणीत हवा राहतेच. अशा वेळी स्लेव्ह ब्रॅकेटमधून सोडवा, निपल वर धरून पिस्टन हाताने आत दाबून ठेवा आणि तशीच हवा काढा. तरीही नाही निघाली तर निपलमधून मोठ्या सिरिंजने हळूहळू तेल खालून वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. टाकी उतू जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, हे तेल रंग उकलतं.

मला चार आकडे कळवा: बोल्टाने क्लच कुठे मोकळा झाला ते मिलिमीटरमध्ये, स्लेव्हचा बोअर, पेडलची पॅडजवळची चाल आणि पेडलचं प्रमाण. बोअर मी लगेच काढून देतो, आणि तो आकडा घेऊन कणकवलीच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानात गेलात की गाडीचं नाव न सांगताही योग्य मास्टर मिळेल. तोपर्यंत पेट्या वाहायच्याच असतील तर रिव्हर्स घालण्याआधी क्लच दाबून आधी तिसरा गिअर घाला, मग रिव्हर्स. सिंक्रोमुळे आतलं फिरणं थांबतं आणि रिव्हर्सचे दात वाचतात. पाय मात्र पूर्ण खालपर्यंत जाऊ द्या, आणि पेडलखाली जाड मॅट असेल तर ती आजच काढून टाका.